रागाचं वय

बनारसच्या बालाजी घाटाच्या वरच्या गलीत शरदिनी ताम्हनकरचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. भाजीवाली तिच्या दारात तागडी सरळ धरायची. घाटावरचे पंडे परगावच्या बायकांची थट्टा करत असले आणि ही पायऱ्या उतरताना दिसली, की त्यांना एकदम संध्या करायचं आठवायचं. ती ओरडत नसे. उलट राग आला की तिचा आवाज खाली उतरे, शब्द एकेक करून सुटे पडत, आणि समोरच्याला वाटे, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. लोक म्हणत, नवऱ्यानं टाकलेली बाई, नाकावर राग असायचाच. ते खरं नव्हतं. तिचा राग नवऱ्यानं टाकायच्या आधीचा होता.

तिचे वडील वेणीमाधवशास्त्री व्याकरणाचे पंडित. रोज सकाळी घराच्या ओटीवर त्यांचे विद्यार्थी बसत, त्यांत तिचा धाकटा भाऊ ढुंढिराजही असे. शरदिनी आत तांदूळ निवडत ऐकायची. ढुंढिराज एखाद्या रूपाशी अडखळला की आतून तिचा आवाज येई, बरोबर रूप सांगणारा. विद्यार्थी हसत, शास्त्रीबुवाही गालात हसत. मग तिला तेरावं लागलं, न्हाण आलं, आणि ते हसणं एका दिवसात बंद झालं.

"आता तू मोठी झालीस. आतून आवाज यायचा नाही," वडील म्हणाले.

"मोठी झाले तर बाहेर बसवा की, अण्णा. लहान होते म्हणून आत होते ना मी?"

वडील पोथी घेऊन ओटीवर निघून गेले. तिनं हातातला तांब्या भिंतीवर फेकला आणि जेवण सोडलं. बायका जमल्या. कोणी म्हणाली दृष्ट लागली, कोणी म्हणाली लागीर झालं, कोणी म्हणाली ह्या वयात पोरी अशाच उधळतात. शेवटी तिला पिशाचमोचन कुंडावर नेलं. तिथल्या भूत उतरवणाऱ्या ओझानं तिच्या वेणीला हात घालून मान मागं ओढली आणि विचारलं, "कौन है तू?"

"शरदिनी."

थप्पड बसली. "सच बता. कौन है?"

"शरदिनी."

पुन्हा थप्पड. असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. तिचा ओठ फुटला, पण नाव बदलेना. मग ती दमली. घरात एक आत्या होती, सीता नावाची, कॉलऱ्यात गेलेली. शरदिनीनं तिचं नाव सांगितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ओझानं दक्षिणा घेतली, आईनं तिच्या अंगावरून नारळ उतरवला, आणि घरी आल्यावर तिला शिरा मिळाला. तो तिनं खाल्ला. भूक लागली होती, आणि त्या खाल्ल्याचा राग तिला पुढं कितीतरी वर्षं येत राहिला.

लग्न आधीच झालेलं होतं, ग्वाल्हेरीला. मुलीला भूत लागलं होतं ही बातमी तिथवर पोचली, आणि त्या लोकांनी मुलाचं दुसरं लग्न लावून टाकलं. शरदिनी माहेरीच राहिली. तिच्या मामानं हट्ट धरून तिला शाळेत घातलं. पुढं मॅट्रिक झाली, आणि सत्ताविसाव्या वर्षी शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी लखनौला गेली.

तिथं मानसशास्त्राचा तास एक स्थूल, मायाळू बंगाली बाई घ्यायच्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, बालपण संपणं आणि माणूस मोठा होणं, ह्यांच्या मध्ये एक वय असतं. ते बालपणाचं शेपूट नसतं आणि मोठेपणाचं डोकंही नसतं, ते स्वतंत्र वय असतं. त्याला पौगंडावस्था म्हणतात. अमेरिकेतल्या एका विद्वानानं त्याला वादळाचं वय म्हटलं आहे. त्या वयात मूल आईबापांशी भांडतं, उगाच रडतं, मोठमोठ्या शपथा घेतं, जग बदलायला निघतं, आणि मी कोण असं स्वतःला विचारत राहतं. हा आजार नव्हे. शरीर वाढतं तसं मनही ह्या काळात नव्यानं जन्म घेतं.

शरदिनी तासातून उठून बाहेर नळावर गेली आणि तोंड धूत उभी राहिली. म्हणजे भूत नव्हतं. चौदा वर्षं तिनं ते मनात धरलं होतं की आपल्यात काही होतं, निदान काहीतरी मोडलेलं होतं. तर ते वय होतं. सगळ्या जगातल्या मुलांना येणारं, नाव असलेलं, पुस्तकात छापलेलं वय.

त्याच विद्वानाचं आणखी एक म्हणणं होतं, तेही बाईंनी सांगितलं. माणसाचं मूल वाढताना सगळ्या मानवजातीचा जिना पुन्हा चढतं. तान्हं मूल जनावरासारखं, लहान मूल रानटी माणसासारखं, पौगंडावस्थेतलं मूल अर्धसुधारलेल्या जमातींसारखं, आणि मग शेवटच्या पायरीवर सुधारलेला प्रौढ माणूस. शरदिनीच्या ते कानावरून गेलं. तिला पहिलंच पुरेसं होतं.

बनारसला परत येऊन ती भेलूपुरातल्या एका मुलींच्या शाळेत लागली. मुली वयात आल्या की आया त्यांना घरी बसवत. शरदिनी घरोघर जाई आणि आयांना समजावी, की पोर बिघडलेली नाही, वय आहे, शाळेत राहू दे, वादळ आपसूक निवळेल. बऱ्याच घरांत तिचं चालत नसे. शिवरामभट टोकेकरांच्या घरी चाललं.

शिवरामभट दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करत. माणूस सरळ, तापट, आणि मुलीच्या बाबतीत घाबरट. त्यांची मुलगी बकुळ बोलायला लागली की मराठीत सुरू करी आणि राग आला की हिंदीत जाई. तेराव्या वर्षी तिनं आईशी बोलणं टाकलं, स्वयंपाकघरात पाऊल टाकणं बंद केलं, आणि शिवरामभटांनी ओझाचं नाव काढलं. शरदिनी त्यांच्या दारात उभी राहिली. "पिशाचमोचनाला नेलंत तर मी तुमच्या मागून तिथं येईन आणि त्या ओझाला कुंडात ढकलीन," ती इतक्या हळू म्हणाली की शिवरामभटांना पुढं वाकून ऐकावं लागलं. मग तिनं बसून त्यांना ते वय समजावून सांगितलं. शिवरामभटांना ते पटलं नाही, पण बकुळची आई अन्नपूर्णा आतून म्हणाली, "दोन वर्षं जाऊ द्या तिला शाळेत. मास्तरीण म्हणते तर काही असेल." आणि बकुळ शाळेत राहिली.

मग मिठाचा सत्याग्रह झाला ते साल आलं. उन्हाळ्यात शाळा बंद होती तोवर मुली काय करतात इकडं कोणी लक्ष दिलं नाही. शाळा उघडली, आणि श्रावणात बकुळ चौकात विलायती कापडाच्या एका दुकानापुढं आडवी झोपली. बरोबर वरच्या वर्गातल्या आणखी काही मुली होत्या. गिऱ्हाईक त्यांच्या अंगावरून जाईना. दुकानदारानं हात जोडले, मग पोलीस बोलावले. पोलिसांनी मुलींना लॉरीत घातलं आणि शहराबाहेर शिवपूरच्या पुढं, शेतांच्या मध्ये, भर पावसात सोडून दिलं. त्या काळी पोरींना अटक करायची लाज वाटे, तेव्हा ही युक्ती होती. मुली चालत परत आल्या. दिवेलागणीला बकुळ चिखलानं भरलेली, घसा बसलेला, गलीत शिरली. शिवरामभटांनी तिला आत घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका मिस पेंबर्टन यांनी शरदिनीला ऑफिसात बोलावलं. शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी रायसाहेब दिनानाथ शेजारी बसले होते. शाळेला सरकारी ग्रँट होती. बाकीच्या मुलींच्या बापांनी सकाळीच येऊन माफी मागितली होती. राहिली बकुळ. शाळेतून तिचं नाव काढलं की प्रांतातली दुसरी कुठलीही शाळा तिला घेणार नव्हती, आणि मॅट्रिकची परीक्षा समोर होती.

"लड़की तेज़ है," रायसाहेब म्हणाले. "पर मैं क्या करूँ, बहनजी? ऊपर जवाब देना है."

शरदिनीनं तोडगा काढला. तिला तेव्हा वाटलं, आपण फार शहाणपणाचं बोलतो आहोत. ती म्हणाली, मुलगी पंधरा वर्षांची आहे. हे वय वादळाचं असतं, सगळं शास्त्र तसं सांगतं. ह्या वयात मूल मैत्रिणींच्या मागं जातं, शपथा घेतं, जग उलथायला निघतं. त्यात तिचा दोष नाही. तिला शिक्षा नको, काळ हवा.

मिस पेंबर्टनचा चेहरा उजळला. ती वाईट बाई नव्हती. मुलींना ताप आला तर त्यांच्या उशाशी बसायची. ती इंग्रजीत म्हणाली, "अगदी बरोबर. मला हेच म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. उद्या प्रार्थनेच्या वेळी तिनं सगळ्यांसमोर एवढंच सांगावं, की मी भानावर नव्हते. तुम्ही शास्त्राच्या बाजूनं दोन शब्द बोला. मी तसं वर कळवते." मग खुर्चीत मागं टेकून ती म्हणाली, "आणि खरं सांगू, मिस ताम्हनकर? तुम्ही ह्या मुलीबद्दल जे म्हणता ते मी तुमच्या सबंध देशाबद्दल म्हणते. हा देशच पौगंडावस्थेत आहे. ह्या मिरवणुका, ही उपोषणं, हे रडणं. आपण मोठ्यांनी धीर धरायचा असतो. वय निघून जातं."

रायसाहेबांनी मान डोलावली. तासात ऐकलेला तो जिना शरदिनीला आता आठवला. जिन्याच्या वरच्या पायरीवर कोण बसलंय आणि मधल्या पायरीवर तिचे अण्णा, शिवरामभट, ती स्वतः आणि तीस कोटी माणसं कशी दाटीनं उभी आहेत, हे तिला लखनौला दिसलं नव्हतं. इथं दिसलं. पण बकुळची परीक्षा होती. शरदिनी "ठीक है" म्हणून उठली.

संध्याकाळी ती टोकेकरांकडं गेली. शिवरामभट घाटावर होते. गंगा चढली होती, खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, श्राद्धाचे पाट वर हलवायचे होते. अन्नपूर्णेनं तिला माडीवर पाठवलं. बकुळ खिडकीशी बसून पायाला हळद लावत होती. चालून चालून फोड आले होते.

शरदिनीनं सगळं सांगितलं. "एवढंच म्हणायचं, की मला काही सुचत नव्हतं. मग परीक्षेला बसता येईल. बाकीचं मी बघते."

बकुळनं हळदीची वाटी खाली ठेवली. "बाई, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"की हे वय असं असतं. त्यात तुझा दोष नाही."

"म्हणजे मी वेडी."

"वेडी नाही गं. वयच—"

"मुझे सब सूझ रहा था," बकुळ म्हणाली. हिंदी आली होती. "दुकानासमोर झोपले तेव्हा मला माहीत होतं मी का झोपले. त्या लॉरीवाल्या शिपायानं माझा दंड धरला आणि उगाच धरून ठेवला. त्याला कोणी विचारलं का, तुझं वय काय? त्या दुकानदाराला विचारलं? वय फक्त माझंच असतं का?"

"बकुळ, तुझ्या भल्यासाठी—"

"आणि तुम्ही? तुम्हाला रोज राग येतो. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही तिशी ओलांडलीत. तो कुठल्या वयाचा राग आहे?"

शरदिनीला वाटलं, आत्ता हिला थप्पड मारावी. हात खरोखरच उचलला गेला होता. मग तिला आपली वेणी कोणीतरी मागं ओढतंय असं वाटलं, आणि ऊन, आणि फुटलेला ओठ. आपण ह्या पोरीला काय सांगायला आलो? की सांग, ती मी नव्हते, दुसरंच काहीतरी माझ्यात शिरलं होतं. भुताच्या जागी वय घातलं, एवढाच फरक. त्याच्याबदली हिला परीक्षा मिळणार होती. शरदिनीला शिरा मिळाला होता.

ती तशीच जिना उतरली. अन्नपूर्णेनं खालून विचारलं, "झालं का बोलणं?" शरदिनी चपला घालून बाहेर पडली. तिला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

सकाळी प्रार्थना झाली. सगळ्या शाळेसमोर मिस पेंबर्टननं बकुळला पुढं बोलावलं. बकुळ लंगडत आली आणि म्हणाली, "मैं होश में थी. मला जे करायचं होतं तेच मी केलं." आणि जागेवर जाऊन बसली. मिस पेंबर्टन लाल झाली. तिनं शरदिनीकडं वळून म्हटलं, "मिस ताम्हनकर, तुम्ही समजावून सांगा सगळ्यांना."

शरदिनी उभी राहिली. तिचा आवाज खाली उतरला होता. मागच्या रांगांतल्या मुली पुढं सरकल्या. ती हिंदीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.

"काल मी ऑफिसात सांगितलं, की ह्या मुलीचं वय वादळाचं आहे. वय आहे तिचं, ते खरं आहे. पण वयानं आवाज चढतो, रागाचं कारण वयातून येत नाही. ही मुलगी रागावली, कारण रागावण्यासारखं घडलं आहे. मी तिच्या रागाचं कारण न विचारता त्याला नाव देऊन मोकळी झाले. ते मी परत घेते." मग ती मिस पेंबर्टनकडं वळली. "आणि आपण काल म्हणालात, हा देश पौगंडावस्थेत आहे. माझे वडील सत्तरीला आले. ते अजून वाढताहेत असं समजू का? आम्ही किती वर्षांचे झालो म्हणजे आपण आम्हाला मोठे म्हणाल, तो आकडा सांगा. आम्ही वाट बघू. पण आकडा सांगा."

दुपारच्या आत शरदिनीची नोकरी गेली आणि बकुळचं नाव काढलं गेलं. रायसाहेब दिनानाथ तिला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बहनजी, आपने अपना भी नुक़सान किया, उसका भी." त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तिला त्यांचा जास्त राग आला.

घरी ढुंढिराज तणतणत होता. तो सरकारी पाठशाळेत शिकवत होता, आता त्याच्याकडंही बोट दाखवलं जाणार होतं. वेणीमाधवशास्त्री जपमाळ बाजूला ठेवून म्हणाले, "तुला तोंड सांभाळायला तेव्हाच शिकवायला हवं होतं."

"तेव्हा तुम्ही काहीच शिकवलं नाहीत, अण्णा. तेवढं तरी कशाला?"

शास्त्रीबुवांनी माळ पुन्हा हातात घेतली. त्या दिवसापासून बापलेकीत स्वयंपाकापुरतं बोलणं उरलं. ते पुढं कधी वाढलंही नाही.

भाद्रपद उलटायच्या आत अन्नपूर्णा पदरानं तोंड पुसत शरदिनीच्या दारी आली. झाशीकडचं स्थळ ठरलं होतं. बिजवर, वकिलाचा कारकून. चातुर्मास संपला की पहिल्या मुहूर्तावर लग्न. शरदिनी तशीच उठून घाटावर गेली. शिवरामभट कोण्या सातारकडच्या यात्रेकरूंचे पिंड गंगेत सोडून परतत होते.

"भटजी, हे तुम्ही काय करताय? पंधरा वर्षांची आहे ती."

"नव्या कायद्यानं चौदा पुरे आहेत. मी कायदा मोडत नाही, पोरीनं मोडला."

"तिच्या मनाचा विचार—"

"शरदिनीबाई." शिवरामभटांनी ओलं उपरणं पिळलं. "शाळेत तुम्हीच म्हणालात ना, पोरीचं वय वेडं आहे? रायसाहेबांनी मला सगळं सांगितलं. परत घेतलंत म्हणे ते. बोललेलं परत घेता येतं होय? आमच्याकडं त्या वेडावर एकच औषध आहे. दोन वर्षांपूर्वी दिलं असतं तर पोर शेतात पावसात टाकून दिली गेली नसती. तुम्ही थांबवलंत. आता नका थांबवू."

आपल्याच चुलीतलं लाकूड कोणी काढून आपल्या पाठीत घालावं तसं शरदिनीला झालं. ती भांडायला आली होती, आणि भांडायला जागा नव्हती.

भांडण बकुळनंच केलं. घटस्थापनेच्या दिवशी आई देवळात गेली असताना ती घरातून निघाली, थेट चौकात गेली आणि त्याच दुकानापुढं झोपली. ह्या वेळी शिपायानं दंड धरला तेव्हा तिनं त्याची पगडी उडवली. पगडी नालीत पडली. आता लॉरी शिवपूरला गेली नाही, कोतवालीत गेली.

खटला कचहरीत चालला. काँग्रेसच्या वकिलांनी फुकट वकीलपत्र घेतलं. त्यांनी शरदिनीला बाहेर गाठून सांगितलं, "मुलगी सोळाच्या आत आहे एवढं तुम्ही सांगा. तुम्ही तिच्या शिक्षिका. कोवळं वय म्हणून समज देऊन सोडतील. बापाच्या ताब्यात देतील, आज संध्याकाळी घरी."

मॅजिस्ट्रेट हिंदुस्थानी माणूस होता, कंटाळलेला, घाम पुसणारा. त्यानं मान वर न करता वय विचारलं.

"अठरा," बकुळ म्हणाली.

त्यानं मान वर केली. समोरची पोर अठराची दिसत नव्हती. वकील चटकन उठले. "हुज़ूर, ती घाबरून चुकीचं सांगते आहे. तिच्या शिक्षिका इथं हजर आहेत."

सगळी कचहरी शरदिनीकडं वळली. शिवरामभट मागच्या बाकावर होते. त्यांनी हात जोडले होते, कोणाला ते कळत नव्हतं. बकुळ पिंजऱ्यातून शरदिनीकडं बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी मुळीच नव्हती. होता तो दम होता. आज संध्याकाळी घरी म्हणजे काय, ते दोघींना ठाऊक होतं. तुरुंगात जाऊन आलेल्या मुलीला झाशीचे लोक करून घेणार नाहीत, हेही ठाऊक होतं. आणि शरदिनीला तिसरंही दिसत होतं, की ह्या पोरीला एकदा तरी, कोणीतरी, तिनं केलेल्या गोष्टीचा पुरा धनी समजायला हवं होतं.

"आपको इसकी उम्र मालूम है?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"ज्याचं वय त्याला ठाऊक," शरदिनी म्हणाली. "ती म्हणते ते लिहा."

तीन महिन्यांची सजा झाली. शिवरामभट बाहेर येऊन पायरीवर बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. त्यांनी शरदिनीला शाप दिला, अगदी मंत्र म्हणावा तसा स्पष्ट उच्चारांत. ती ऐकत उभी राहिली. ह्या माणसावर तिला रागावताच आलं नाही, आणि ते तिला सगळ्यात जड गेलं.

झाशीचं स्थळ मोडलं. थंडीत बकुळ तुरुंगाच्या जनाना वॉर्डातून सुटली. तिला हार घालायला काँग्रेसचे लोक आले होते. ती हारात बुडालेली, खोकत, काटकी झालेली, डोक्यात उवा झालेली. केस कापून टाकावे लागले. जेलात काय काय बघितलं ते तिनं शरदिनीला नंतर सांगितलं. चोरीच्या आरोपात आलेल्या एका बाईला पहाऱ्यावरची जमादारीण कशी मारायची, आणि राजबंदिनींपैकी कशी कोणी मधे पडली नाही, तीही नाही. त्याचा राग तिला दुकानदारापेक्षा, शिपायापेक्षा जास्त होता. "तेव्हा मला खरोखर काही सुचत नव्हतं, बाई," ती म्हणाली. शरदिनीनं तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं नव्हतंच ते.

शिवरामभटांनी मुलीला घरात घेतलं, पण तिच्याशी बोलत नसत. ती दिवसा शरदिनीकडं येऊन बसे. तिच्यामागून आणखी एक मुलगी आली, मग आणखी. नोकरी गेलेल्या शरदिनीनं ओटीवर वर्ग सुरू केला, खाजगीरीत्या मॅट्रिकला बसणाऱ्या मुलींचा. ढुंढिराजनं त्यावरून वेगळं बिऱ्हाड केलं. वेणीमाधवशास्त्री आतल्या खोलीत माळ ओढत. मुली चुकीचं रूप म्हणाल्या की आतून त्यांचं खाकरणं ऐकू येई, पण रूप ते कधी सांगत नसत.

बकुळ दुसऱ्या खेपेला पास झाली. नागपूरला जाऊन नर्सिंग शिकली, परत आली, आणि जनाना इस्पितळात लागली. तिथं बायकांवर हात उचलणाऱ्या दायांना तिची धास्ती असे. शरदिनीशी तिचं दर आठवड्याला भांडण होई, कधी औषधावरून, कधी काँग्रेसवरून, कधी कशावरूनच नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी विष्णु नावाचा एक तरुण प्राध्यापक ओटीवर आला. विश्वविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचा. त्याला वयात आलेल्या मुलींच्या भावना मोजायच्या होत्या. तो उत्साहानं सांगू लागला, की जुनं शास्त्र आता मागं पडलं. दूर समुद्रातल्या एका बेटावर कोणी संशोधक बाई राहून आली, आणि तिथल्या मुलींना हे वादळ येतच नाही असं तिला दिसलं. म्हणजे वादळ शरीरात नसतं, ते समाज उठवतो.

"हे तुम्हाला बेटावरून कळलं," शरदिनी म्हणाली. "बरं. तुम्ही आमच्या मुलींना काय विचारणार?"

"राग येतो का, किती वेळा येतो, किती वेळ टिकतो."

"का येतो, हे?"

"ते मोजता येत नाही, बाई."

तिचा आवाज खाली गेला. "मग मोजू नका. ऐका. बसा इथं, आणि विचारा त्यांना."

विष्णु बसला. मुली आधी लाजल्या, मग एकीनं सुरुवात केली आणि ओटीवर कल्ला झाला. भावाला दूध मिळतं म्हणून. सावत्र आजी न्हाणीच्या दाराशी उभी राहते म्हणून. घाटावर कोणी चिमटा काढला, आणि मार मला पडला म्हणून. विष्णुची पेन्सिल सुरुवातीला चालत होती, मग थांबली. शेवटी गंगा नावाची एक मुलगी उठली, खांबाला टेकून बसणारी, सहसा न बोलणारी.

"मला शरदिनीबाईंचा राग येतो," ती म्हणाली.

शरदिनीच्या कपाळावरची शीर उठली. तिनं एकदा विष्णुकडं पाहिलं, मग गंगेकडं.

"का?"

"तुम्ही सगळ्यांना कारण विचारता, पण ते तुम्हाला पटलं नाही तर दिवसभर टोचून बोलता. परवा मला ह्या विमलच्या समोर बोललात. आणि कोणी हसलं की तुम्हाला वाटतं, ती अभ्यास करत नाही."

"परवाचं खरं आहे," शरदिनी म्हणाली. "ते माझं चुकलं. टोचून बोलते, तेही खरं. पण हसण्याचं खोटं आहे. मी कधी कोणाला हसू नको म्हटलं?"

"म्हणत नाही तुम्ही. बघता."

"बघते म्हणजे काय?"

"आत्ता बघताय तसं," गंगा म्हणाली. आणि मग त्या दोघी त्यावर भांडत बसल्या, ऊन ओटीवरून उतरेपर्यंत, आणि विष्णु आपली टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत राहिला.